लांब केसांच्या मांजरीच्या पिसवा परत परत का येतात : भांग पाडून औषध आणि कूलरची खोली

औषध टाकलं की आठ-दहा दिवस एकदम शांत, आणि मग एका रात्री परत तेच, दिवाणाखालून खरखर खाजवण्याचा आवाज. आमच्या बर्फीचं मागच्या उन्हाळ्यापासून हेच चालू होतं. बर्फी म्हणजे अर्धी पर्शियन, पांढरी, पाठीवर संत्र्याच्या रंगाचा मोठा डाग, आणि पोटाचे केस इतके लांब की चालताना फरशी पुसत जाते. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा पिसवा दिसल्या, मे मध्ये औषध टाकलं, जूनमध्ये परत टाकलं, जुलैमध्ये तिसऱ्यांदा, आणि दरवेळी घरात एकच बोलणं, औषध डुप्लिकेट निघालं. औषध चांगलंच होतं. ते बर्फीच्या कातडीपर्यंत पोहोचतच नव्हतं, आणि पोहोचलं असतं तरी पिसवा बर्फीवर कमी आणि आमच्या कूलरच्या खोलीत जास्त होत्या. हे दोन्ही समजायला आम्हाला तीन महिने लागले, त्यात त्या बिचारीने मानेवरचे केस खाजवून खाजवून काढून टाकले, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिले, कोणाच्या मांजरीला तरी एवढे दिवस काढावे लागू नये.

आधी पक्कं करून घ्या की पिसवाच आहेत. आपल्याकडे गोचीड, ऊ, पिसू सगळ्यालाच किडे म्हणतात आणि दुकानात जाऊन किड्यांचं औषध द्या म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होते. गोचीड कातडीत तोंड रुतवून बसते आणि रक्त पिऊन फुगते, जागची हलत नाही. पिसू दोन-एक मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, केसांच्या मुळातून सर्रकन पळते आणि चिमटीत धरायला गेलं की उडी मारते. लांब केसांच्या मांजरीवर ती दिसेलच असं नाही, कारण एक तर खालचे मऊ केस दाट आणि दुसरं म्हणजे मांजर दिवसभर चाटते, त्यात कित्येक पिसवा गिळून टाकते. त्यामुळे "मी पाहिलं, एकही दिसली नाही" याला काही अर्थ नाही. पिसवांची घाण पाहायची.

ते असं पाहायचं. उवांची बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी, मानेखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला अगदी कातडीला लावून फिरवा. फणीत जे काळे काळे मिरपुडीसारखे कण येतात ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि दोन-तीन मिनिटं थांबा. साधी माती असली तर काळीच राहते. पिसवांची घाण असली तर प्रत्येक कणाभोवती लालसर तपकिरी कडा पसरते, कारण ते पचलेलं वाळकं रक्तच असते. आमच्या टिश्यूवर पहिल्यांदा तो लाल रंग पसरला तेव्हा आई म्हणाली, अगं हे तर हिचं रक्त आहे, आणि ती त्या दिवसापासून रोज स्वतः फणी घेऊन बसायला लागली. शेजारी एका वाटीत भांड्याच्या साबणाचं पाणी ठेवायचं, फणीत जिवंत पिसू आली की त्यात बुडवायची. नुसत्या पाण्यात ती तरंगते आणि उडून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते.

आता मुख्य गोष्ट, औषध टाकायची. मानेवर टाकायचं जे पिपेटचं औषध असते (पिपेट म्हणजे टोक उघडून दाबायची छोटी नळी; आमचं पिसू मारणारं फिप्रोनिल आणि अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं एस-मेथोप्रीन यांचं होतं, मांजरींसाठीचं, ०.५ मिलीचं) ते कातडीवर पडलं तरच काम करते. कातडीला जो नैसर्गिक तेलकटपणा असतो ना, त्याच्यातून ते हळूहळू अंगभर पसरते आणि केसांच्या मुळांशी साठून राहते. केसांवर पडलं तर केस चिकट होतात, दोन दिवस तेलकट झुपका दिसतो, थोडं उशीला पुसलं जाते, आणि संपलं. छोट्या केसांच्या मांजरीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जाते, पर्शियनमध्ये नाही. मी तिन्ही वेळा मानेवरचे केस नुसते बोटाने बाजूला केले, पिपेट दाबली आणि झालं म्हटलं, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी तो चिकट झुपका मला दिसला होता. तो झुपका दिसणं ही बहुतेक वेळा खूण असते की औषध वरच राहिलं.

चौथ्या वेळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजमध्ये घेऊन गेलो, तिथल्या डॉक्टर मॅडमनी पिपेटला हातही लावायच्या आधी शेपटीचा कंगवा मागितला. टोकदार दांडीचा, आपण भांग पाडायला वापरतो तो. कवटीच्या अगदी खाली, जिथं मांजरीची जीभ पोहोचू शकत नाही, तिथं त्यांनी बर्फीच्या मानेवर चक्क भांग पाडला, आडवा नाही, उभा. दोन्हीकडचे केस दोन बोटांनी दाबून धरले आणि मला म्हणाल्या, आता काय दिसते? गुलाबी कातडीची एक बारीक रेघ दिसून राहिली होती, दोऱ्याएवढी. म्हणाल्या, ही रेघ दिसल्याशिवाय पिपेट उघडायची नाही. मग पिपेटचं टोक त्या रेघेला टेकवलं, हवेत धरून थेंब पाडला नाही, टेकवूनच दाबलं, आणि केस लगेच सोडले नाहीत, थोडा वेळ तसेच धरून ठेवले. एवढंच. पण हा एवढासा फरक आहे ज्यासाठी आमचे तीन महिने आणि तीन पिपेट गेल्या.

आणि केसांत गुंते असतील तर आधी गुंते काढा. गुंत्याखाली औषधही जात नाही, फणीही जात नाही, आणि पिसवांना ती पक्की जागा मिळते. बर्फीच्या काखेत आणि मागच्या पायांमागे असे नमद्यासारखे घट्ट गोळे झाले होते. थोडं कॉर्नफ्लोर चोळून बोटांनी सुटतात तेवढे सोडवायचे, बाकीचे केस भादरायच्या मशीनने काढून घ्यायचे. कात्रीने घरी कापू नका, खरंच नका कापू, मांजरीची कातडी पातळ असते आणि गुंत्यासोबत वर ओढली जाते, केस समजून कातडी कापली जाते. पूर्ण अंग भादरून टाकावं का असं पुष्कळ लोक विचारतात. माझं मत नाही असंच आहे, पिसवांना लपायला जागा कमी होते हे खरं, पण त्या जात नाहीत, आणि उघड्या कातडीची मांजर आपल्या उन्हात खिडकीत बसली तर कातडी भाजते ते वेगळंच.

आंघोळीबद्दल. आंघोळीने त्या क्षणी अंगावर असलेल्या पिसवा जातात, नंतर घरातून नवीन चढतात, टिकाऊ फायदा काही नाही. घालायचीच असेल तर आधी मानेभोवती ओल्या फेसाचं कडं करा, नाहीतर अंग ओलं झालं की सगळ्या पिसवा तोंडाकडे आणि कानाकडे पळतात. आणि पिपेट टाकायच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर शॅम्पू नाही. आम्ही जूनमध्ये सकाळी शॅम्पूने आंघोळ घातली आणि संध्याकाळी औषध टाकलं, की स्वच्छ अंगावर चांगलं बसेल. उलटं झालं, ज्या तेलकटपणातून औषध पसरते तोच धुऊन टाकला होता.

आता घर. हा भाग लोक वाचतच नाहीत, आणि पिसवा परत येतात त्या इथूनच येतात.

पिसूची मादी रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. अंडी मिठाच्या कणासारखी, पांढरी, गुळगुळीत, केसांना चिकटत नाहीत. उवांच्या लिखा कशा केसाला घट्ट बसतात, तसं हे नाही. मांजर जिथं झोपते, अंग झटकते, उडी मारते, तिथं ती गळून पडतात आणि त्यांच्यासोबत ती काळी घाणही पडते. बर्फीच्या आवडत्या उशीवर आम्हाला जे मीठ-मिरपूड सांडल्यासारखं दिसायचं ते हेच होतं. अंड्यातून अळी निघते, ती तीच घाण खाऊन वाढते, उजेड तिला नको असतो म्हणून सतरंजीच्या खाली, गादीच्या शिवणीत, फरशीच्या सांध्यात जाते. मग कोष करते, आणि कोषातून मोठी पिसू. घरात या सगळ्याची एकूण संख्या धरली तर मांजरीवर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा साधारण ५ टक्के असतात, बाकी सगळं जमिनीवर आणि बिछान्यात. म्हणजे नुसत्या मांजरीचा इलाज करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आणि इथं आपल्या नागपूरची एक खास गोष्ट आहे. आम्हाला वाटायचं की मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लू चालते, हवा पार कोरडी, यात काय किडा जगणार. बाहेर खरंच जगत नाही. पिसूच्या अळीला ३५ अंशांच्या वर ऊन आणि कोरडी हवा सहन होत नाही, हवेत निम्म्याच्या आसपास तरी ओल लागते, नाहीतर वाळून मरते. पण आपण उन्हाळ्यात घरात काय करतो? सकाळी अकरालाच दारंखिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि कूलर चालू. ओल्या ताट्यांतून येणारी हवा, खोली थंड, अंधारी आणि दमट, चादर हाताला ओलसर लागते. बाहेर नवतपा आणि आत पिसवांचा पावसाळा. बर्फी दिवसभर त्याच खोलीत, कूलरसमोरच्या दिवाणाखाली, कारण लांब केसांच्या मांजरीला ऊन सोसतच नाही. म्हणजे सगळ्या घरात पिसवांना पाहिजे तशी एक खोली होती, आणि मांजर त्याच खोलीत झोपत होती. पुढे जूनच्या मध्यावर पाऊस लागला की सगळं घरच दमट, मग त्या बाकी खोल्यांत पसरतात. कूलर बंद करा असं मी म्हणत नाही, नागपुरात ते शक्यच नाही. फक्त हे ध्यानात ठेवा की सफाई सगळ्यात जास्त कुठं करायची, तर कूलरच्या खोलीत, दिवाणाखाली, कूलरच्या स्टँडच्या मागे जिथं पाणी गळून ओल राहते तिथं. आम्ही दिवाण हलवला तेव्हा भिंतीच्या कडेला धुळीत दोन-चार मिलिमीटरच्या, केसाएवढ्या बारीक, पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या, टॉर्च मारला की धुळीच्या गोळ्यात शिरायच्या. त्या दिवशी समजलं की तीन महिने आपण चुकीच्या जागी औषध टाकत होतो.

सफाई कशी केली ते सांगते. बर्फीच्या अंगाखाली येणारं सगळं कापड, तिची उशी, चादरी, पायपुसणी, सोफ्याचे कव्हर, दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, मशीनला तेवढं गरम पाणी होत नसेल तर हिटर लावून बादलीत भिजवून. खोलीतून उचलताना कापड झटकू नका, गुंडाळून बाहेर न्या, नाहीतर अंडी सगळ्या घरात सांडतात. कापसाच्या गाद्या आणि गोधड्या धुता येत नाहीत, त्या गच्चीवर टाका, अकरा ते चार, मधे एकदा पलटून. कूलर जे काम बिघडवते ते आपलं ऊन दुरुस्त करते, फुकटात. पावसाळ्यात हे जमत नाही म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही बर्फीच्या झोपायच्या जागी गादीच काढून टाकली आणि जुन्या साड्यांच्या घड्या ठेवल्या, मळली की घडी धुवायला.

झाडूने फार काही होत नाही, फुलझाडू अंडी कोपऱ्यात ढकलते. व्हॅक्यूम पाहिजे. आमच्याकडे नव्हता, मामांकडून आणला. सोफ्याच्या फटी, दिवाणाच्या पाट्यांमधल्या सांधी, गालिचा, दाराच्या चौकटीखालची जागा, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी त्याची पिशवी घराबाहेर रिकामी करायची, पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून कचरागाडीत. नाहीतर त्या आतून परत बाहेर येतात.

सगळ्यात जास्त गोंधळ कोषाने होतो. अळी स्वतःभोवती चिकट रेशमाचा कोष विणते, त्याला धूळ चिकटते, मग तो धुळीसारखाच दिसतो. त्याच्यात फवारा जात नाही, औषध जात नाही, आणि आतली पिसू तयार होऊनही कित्येक आठवडे, कधी काही महिने बसून राहते, बाहेर कोणी आल्याची खूण मिळेपर्यंत. ऊब, पावलांचा हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, हीच खूण. मे मध्ये आम्ही बारा दिवस गावी गेलो, बर्फीला मावशीकडे ठेवलं, घराला कुलूप. परत येऊन कुलूप उघडलं, कूलरच्या खोलीत पाय ठेवला आणि एका मिनिटात माझ्या घोट्यांवर सात-आठ पिसवा. मांजर घरात नसताना. शेजारचे म्हणाले, तुमच्या घरात बाहेरून शिरल्या. बाहेरून नाही, त्या कोषात वाट पाहून राहिल्या होत्या. व्हॅक्यूमचा एक मोठा फायदा हाच आहे की त्याच्या हादऱ्याने कोष फुटतात आणि पिसवा बाहेर येतात, मग मांजरीवर चढल्या की औषधाने मरतात.

म्हणून नीट औषध टाकल्यावरही दोन-तीन आठवडे, कधी दोन-अडीच महिने एखाददुसरी पिसू दिसते. घाबरू नका आणि मधेच औषध बदलू नका. मांजरीवर औषध नीट बसलं असलं तर या नव्या पिसवा चढतात, साधारण एका दिवसात मरतात, अंडी घालायची संधी त्यांना मिळत नाही. दिसणाऱ्या पिसवा जिवंत आणि चपळ आहेत की सुस्त पडलेल्या आहेत ते पाहा. सुस्त असतील तर सगळं बरोबर चाललं आहे. तीन आठवड्यांनी परत तेवढ्याच, ताज्या, चपळ असतील आणि टिश्यू परत लाल होत असेल, तर मग कुठं तरी गळती आहे, एक तर औषध केसांवरच राहिलं, नाहीतर घरातली एखादी जागा राहिली, नाहीतर दुसरा प्राणी.

दुसरा प्राणी ही गोष्ट आमच्याकडेही होती. गच्चीवर एक बोका येतो, आई त्याला दूधपोळी ठेवायची, तो बर्फीच्या जाळीच्या खिडकीला टेकून बसायचा. तो आम्हाला हात लावू देत नाही. शेवटी त्याचं खाणं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि खिडकीखालची जागा रोज साबणाच्या पाण्याने धुतली. घरात दोन मांजरी किंवा मांजर आणि कुत्रा असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी औषध पाहिजे, ज्याचं त्याला, वजन करून.

आणि आता जे सांगते ते कृपा करून नीट वाचा. कुत्र्याचं औषध मांजरीला कधीच नाही, अर्धं नाही, दोन थेंब नाही. कुत्र्यांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असते. कुत्र्याचं शरीर ते मोडून बाहेर टाकू शकते, मांजरीच्या यकृतात ते मोडायची ताकदच फार कमी असते, ते अंगात साठते आणि मज्जातंतूंवर जाते. जूनमध्ये मला एका दुकानात मांजरीचं नाही आहे पण हेच आहे, अर्धी पिपेट टाका म्हणून कुत्र्याचं दिलं. घरी येऊन खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, त्यावर मांजरीचं चित्र काट मारून होतं, मी तसंच परत केलं. आमच्या समोरच्या काकूंना असंच कुणी तरी सांगतलं होतं आणि त्यांनी टाकलं. संध्याकाळी त्यांच्या मनू मांजरीचे कान फडफड हलायला लागले, मग पाठीची कातडी थरथरायला लागली, मग पाय. डॉक्टरांनी फोनवर सांगतलं तसं कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने मान धुतली आणि टॉवेलात गुंडाळून तसेच दवाखान्यात पळालो, दोन दिवस सलाइनवर होती, वाचली. कोणाची वाचत नाही. असं झालं तर घरी पाहत बसू नका, तेवढा वेळ नसतो.

त्याच यादीतलं बाकी पण सांगून टाकते. कुत्र्यांना गोचिडासाठी पाण्यात घालून अंगावर ओततात ते अमिट्राझ मांजरीला नाही. झुरळांचा खडू आणि मुंग्यांची पावडर मांजरीच्या वावराच्या जागी नाही, पंजाला लागते आणि पंजा चाटला जातो. कापूर, डांबर गोळ्या, टी ट्री ऑइल, निलगिरी, संत्र्याच्या सालीचं तेल, यातलं काहीही मांजरीच्या अंगावर किंवा झोपायच्या जागी नाही. संत्री आपल्या गावची आहेत म्हणून आईने सालीचं पाणी करून ठेवलं होतं, ते ओतून दिलं. फरशीला काळं-पांढरं फिनाईल लावतात ते पण बंद करा, काळ्यातलं फिनॉल आणि पांढऱ्यात बहुतेक असते ते पाइन ऑइल, दोन्ही मांजरीला वाईट, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. कडुलिंबाचा पाला गादीखाली ठेवला तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आणि निंबोळीचं तेल अंगाला चोळू नका, चोळलेलं सगळं पोटात जाते. गळ्यातले स्वस्तातले पट्टे मला आवडत नाहीत, लांब केसांत ते कातडीला टेकतच नाहीत, आणि काहींत काय आहे ते लिहिलेलंही नसते.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवायचं असेल तर आधी विचारा की औषध कोणतं. मोठ्या पिसवा मारणारं औषध बहुतेक त्याच परमेथ्रिनच्या घराण्यातलं असते, ओलं असेपर्यंत मांजरीला धोका. अळीची वाढ थांबवणारं, पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन, त्यात असेल तर फवाऱ्याचा खरा फायदा होतो, कारण अंडी-अळ्यांची पुढची पिढीच थांबते. मांजर बाहेर, मासोळ्यांची टाकी असेल तर झाकून आणि पंप बंद करून, आणि फरशी पूर्ण वाळून खिडक्या उघडून खोली मोकळी झाल्यावरच मांजर आत. आमच्याकडे एकदाच केलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, फक्त कूलरच्या खोलीत.

जंताचं औषध विसरू नका. पिसूच्या अळीच्या पोटात चपट्या कृमीची अंडी जातात, ती पिसू मांजरीने चाटताना गिळली की कृमी मांजरीच्या आतड्यात. शेपटीखालच्या केसांत किंवा उशीवर तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं, ओलं असताना हलते, वाळलं की तिळासारखं पिवळट, तर तेच. लांब केसांत ते चिकटून राहतात म्हणून उचलून पाहा. यावर प्राझिक्वांटेलची गोळी लागते, साध्या जंताच्या औषधाने जात नाही, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. पिसवा संपल्या नाहीत तर कृमी परत होतात. पिल्लू असेल तर मात्र सगळं सोडून आधी डॉक्टर, ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ही पिपेट चालत नाही, आणि छोट्या जिवावर खूप पिसवा असतील तर रक्त कमी होऊन जीव जाऊ शकतो. हिरड्या उचलून पाहा, गुलाबीच्या ऐवजी पांढरट असतील तर उद्यावर टाकू नका.

मानेवर आणि पाठीवर बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या हाताला लागत असतील तर बहुतेक ती पिसूच्या थुंकीची अ‍ॅलर्जी असते, त्यात मोजक्या पिसवांनीही अंगभर खाज सुटते. बर्फीला तीच होती. म्हणून थोड्याच दिसल्या, चालते, असं तिच्या बाबतीत करता येत नाही. खाजेसाठी वेगळं औषध डॉक्टरांनी दिलं, आणि मानेवरचे केस परत यायला दिवाळी उजाडली.

घर किती साफ झालं ते मोजायला आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून कूलरच्या खोलीत पाच मिनिटं फिरायचं आणि मोज्यावर काय चढते ते पाहायचं. दुसरं, रात्री जमिनीवर परातीत साबणाचं पाणी, त्याच्यावर छोटा दिवा लावून ठेवायचा, पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारतात आणि पाण्यात पडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण आकडा समजतो. ऑगस्टच्या सुरुवातीला परातीत १४ होत्या, पोळ्याच्या वेळेला ३, सप्टेंबरच्या शेवटी १, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक सुस्त पडलेली, आणि त्यानंतर परात कोरीच.

पिपेट आम्ही ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, चारही महिने ठरलेल्या तारखेला टाकली, पिसवा दिसत नसतानाही, कारण कोषातली शेवटची पिसू केव्हा निघेल ते आपल्या हातात नाही. दोन माणसं लागतात. आई बर्फीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते आणि कानामागे खाजवत बसते, मी भांग पाडते. पहिल्यांदा ती गुलाबी रेघ सापडायला दहा मिनिटं लागली होती, आता मिनिटभरात सापडते. या वर्षी कूलर बसवायच्या आधीच, मार्चमध्ये, दिवाण हलवून मागची सगळी धूळ ओढून घेतली, गाद्या तीन दिवस गच्चीवर टाकल्या आणि महिन्याची पिपेट परत सुरू केली. शनिवारी फणी, ओला टिश्यू. काल पाहिला, पाच कण होते, पाचही काळेच राहिले.